बाटली आणि बाण

दिवाळीत पोरे अंगणात रिकामी बाटली रोवतात, तीत बाण उभा करतात आणि वात पेटवून पळत सुटतात. बाण उडाला की सारी तोंडे आभाळाकडे! बाटलीचे कौतुक कोणी करीत नाही. आमच्या बारामती-इंदापुरातील काही शहाण्या मंडळींना मात्र बाटलीचाच मोह पडला आहे.

ही मंडळी म्हणतात, "अंतराळाचा धंदा वाढतो तो उड्डाणतळाच्या आश्रयाने. अमेरिकेतला व्हॅंडनबर्गचा लष्करी तळ पाहा. तेथून आज खाजगी रॉकेटे उडतात. तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला 2024 साली नव्या तळाची पायाभरणी झाली. आपल्याकडे ना समुद्र, ना तळ. आपली पोरे एमआयडीसीत रिक्षाच जोडणार!"

हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. तळाला समुद्र लागतो, कारण रॉकेटचे रिकामे टप्पे कोणाच्या डोक्यावर पडता कामा नयेत. आणि तळासाठी जमीन कोणाची जाते, हेही पाहावे. 1980 नंतरच्या दशकात क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी ओडिशातील बलियापालची जमीन घ्यायचे घाटत होते. तिथल्या शेतकऱ्यांनी रस्ते अडवले आणि आपले पानमळे राखले. तळाचा शेजार त्यांना भाग्याचा वाटला नाही.

आता आपल्या अंगणात या. 14 जुलै 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-3 निघाले. त्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना दोन प्रचंड बूस्टर होते. एकेकात सुमारे 200 टन घन इंधन. त्या बूस्टरच्या पोलादी कवचाचे भाग घडले आपल्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला! नीरेच्या पाण्यावरच्या उसासाठी वसलेले हे गाव. साखर कारखान्यांची यंत्रे घडवता घडवता तिथल्या हातांना पोलाद वळवण्याची आणि सांधण्याची विद्या आली. तळ शेकडो मैल दूर होता, म्हणून काही अडले का?

अडते ते निराळ्याच ठिकाणी. ही विद्या एकाच कुंपणाआड राहून भागणार नाही. शिवाय सरकार हेच एकमेव गिऱ्हाईक असले, तर मागणी आली की सुगी आणि थांबली की दुष्काळ. ऊस पिकवणाऱ्या मुलखाला हे का सांगायला हवे? 2020 साली सरकारने खाजगी कंपन्यांना अंतराळाचे दार उघडले. 18 नोव्हेंबर 2022 रोजी हैदराबादच्या एका कंपनीचे 'विक्रम-एस' उडालेदेखील. अशा कंपन्यांना कवचे, नळ्या, झडपा लागणारच. त्या बारामतीच्या छोट्या कारखानदारांनी का करू नयेत?

म्हणून पुढाऱ्यांकडे मागायचेच असेल तर एवढे मागा: वेल्डिंगमधली केसाएवढी चीरही पकडील अशी तपासणीशाळा, छोट्या कारखानदाराला परवडेल अशा दरात, आणि आयटीआयमध्ये ते काम मन लावून शिकवणारा निदेशक. कोनशिला नको, मंडप नको.

परवा वर्गात एका पोराने विचारले, "गुरुजी, आपल्या गावातून रॉकेट का उडत नाही?" मी म्हटले, "बाळ, उडते तिथे गर्दी जमते. घडते तिथे चूल पेटते."

यंदा अंगणात बाण लावाल, तेव्हा आपल्याही पोरांना एवढे सांगा.