न्यूट्रल रेडच्या लाल रंगापलीकडे

पाकळीचे टोक न्यूट्रल रेडमध्ये लाल झाले, की तिथे गंधग्रंथी आहे असे लिहून मोकळे होण्याची सवय आपल्या क्षेत्रात रुजली आहे. स्टेफान फोगेल यांचा गंधग्रंथींवरचा ग्रंथ १९६२ साली आला. त्यांची ही रंगपरीक्षा सोपी असल्याने सर्वत्र पसरली, तिच्या मर्यादा मात्र मागे राहिल्या. हा रंग गंध ओळखत नाही. उपत्वचा पातळ किंवा सच्छिद्र असेल तिथे तो शिरतो. मग ती मकरंदग्रंथी असो, कुक्षी असो, की चिमट्याने चुरगळलेली पाकळी.

सह्याद्रीतली कंदीलपुष्पे, म्हणजे सेरोपेजिया, घ्या. पाच पाकळ्यांची टोके जुळून वर पिंजरा होतो, खाली नळी आणि तळाशी फुगवटा. गंधाने ओढलेल्या लहान माश्या नळीत घसरतात आणि काही काळ आत अडकतात. हा गंध देणाऱ्या टोकांवरच्या अपित्वचेच्या पेशी उंचावलेल्या, दाट पेशीद्रव्याच्या आणि मोठ्या केंद्रकाच्या असतात. गंधग्रंथींमध्ये अशा पेशींखालच्या मृदूतकात पिष्टकण साठतात आणि गंध सुटू लागला की ते संपत जातात. तंबाखूच्या मकरंदग्रंथीतही कळीत साठलेले पिष्ट फूल उमलताना शर्करेत बदलते. कळी, उमललेले फूल आणि मलूल फूल यांत एकाच ऊतीची तीन वेगळी चित्रे दिसतात. वय न नोंदवलेल्या छेदावरून यातले काहीच कळत नाही.

मेणातल्या छेदांची अडचण याहून मोठी. अल्कोहोल आणि झायलीनमधून जाताना तेलाचे थेंब विरघळतात. कायमच्या स्लाइडवर पेशीभित्तिका शाबूत राहतात आणि ज्यासाठी छेद घेतला तो स्रावच नाहीसा होतो. म्हणून ताजा, हाताने घेतलेला छेद हवा. तेलासाठी सुदान, पिष्टासाठी आयोडीन आणि तुलनेसाठी त्याच पाकळीचा मधला, गंधहीन भाग. ब्लेडने पातळ छेद घेण्याचा हात पदव्युत्तर वर्गांत मागे पडतो आहे, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. ती कला शिकवायला महागडे यंत्र लागत नाही, शिक्षकाचा वेळ लागतो.

महाराष्ट्रातल्या कितीतरी सेरोपेजिया प्रजाती प्रदेशनिष्ठ आहेत आणि मोजक्याच पठारांवर, कड्यांवर उरल्या आहेत. त्यांची फुले डोंगरावरून खुडून आणू नयेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या वंशाचा संग्रह जोपासलेला आहे. अशा उद्यानांतून रीतसर नमुने मागावेत. एका फुलाची पाच टोके नीट वाटून घेतली तर बऱ्याच चाचण्या एकाच फुलात भागतात.

पुढील अंकापासून स्रावी ऊतींवरील लेखांसोबत फुलाचे वय, नमुना घेतल्याची वेळ, त्याचा स्रोत आणि न रंगवलेल्या ताज्या छेदाचे छायाचित्र पाठवावे. त्याशिवाय लेख परीक्षकांकडे जाणार नाही.