माजाची तारीख आणि अनुदानाची अट

येथील जातिव्यवस्थेने डुकराला अपवित्र ठरवले आणि ते पाळणाऱ्या माणसालाही. नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या ‘फँड्री’ चित्रपटातील कैकाडी कुटुंबाची हेटाळणी सर्वांनी पाहिली आहे. आता याच जनावराला ‘वराहपालन उद्योग’ असे भारदस्त नाव मिळाले आणि नावामागोमाग भांडवलही आले. मग पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळणारा कैकाडी, वडार बांधव या उद्योगात कोठे आहे?

२०२१ साली सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात वराह पैदास केंद्रासाठी ५० टक्के भांडवली अनुदानाची तरतूद झाली. १०० माद्या आणि १० नर यांच्या केंद्राला ३० लाख रुपयांपर्यंत. कागदावर ही योजना सर्वांना खुली आहे. परंतु उरलेली निम्मी रक्कम, जागा आणि बँकेतील पत कोणाकडे असते, हे सांगायला वकील लागत नाही. चार माद्या बाळगणारा भूमिहीन माणूस उंबरठ्यावरच अडतो.

पैसा अडला, तसे ज्ञानही अडले. डुकरीण दर २१ दिवसांनी माजावर येते. गाभणकाळ ११४ दिवसांचा. पिले ५६ दिवसांनी तोडली, तर साधारण आठवड्याभरात ती पुन्हा माजावर येते. म्हणजे एक फेरा १७७ दिवसांचा, दोन वर्षांत चार वेत. प्रत्येक फेऱ्यात दोन माज हुकले, तर फेरा २१९ दिवसांवर जातो आणि चार वेतांऐवजी तीनच पदरात पडतात. वेताला आठ पिले धरली, तरी एका मादीमागे आठ पिलांचे नुकसान. रिकाम्या दिवसांचे खाद्य वेगळेच.

माज ओळखण्यास यंत्र लागत नाही. योनी लालसर सुजते, खाणे कमी होते आणि पाठीवर दाब दिला की मादी हलत नाही, स्थिर उभी राहते. तेथून १२ ते २४ तासांत नर दाखवावा, १२ तासांनी पुन्हा. २१ दिवसांनी ती परत माजावर येते काय, हे पाहावे. आपल्याच पिलावळीवर तोच नर सोडू नये; वेत लहान होतात, पिले दुबळी निपजतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नराला सावली आणि पाणी हवेच, कारण उष्णतेने खालावलेले वीर्य सुधारण्यास काही आठवडे लागतात. या साऱ्याला एक वही पुरते.

कोणी वंशपरंपरागत धंद्यालाच चिकटून राहावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलांनी शिकावे, हवा तो व्यवसाय निवडावा. परंतु ज्याची चूल आज याच जनावरावर पेटते, त्याला अज्ञानात ठेवून उद्योगाची मलई दुसऱ्यांनी खावी, हा न्याय नव्हे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पाच-दहा माद्यांच्या गटालाही अनुदान द्या. भाडेपट्ट्याची जागा सामूहिक नावावर मान्य करा. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी वस्तीवर येऊन प्रशिक्षण द्यावे. शिकलेल्या तरुणांनीही वस्तीत जाऊन माजाच्या, भरवल्याच्या आणि व्यायल्याच्या तारखांची वही लिहून द्यावी. पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे निवेदन घेऊन जाताना तीच वही टेबलावर ठेवा. तारखांनिशी मांडलेला हिशोब कोणत्याही कार्यालयाला सहजासहजी नाकारता येत नाही.