बैल नवा, पण कडबा कुठंय?

जालन्यातून निघतानाच डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं होतं. मी लक्ष दिलं नाही. का देऊ? महिन्यापूर्वी दोनदा गाडी सुरू झाली नाही, तेव्हा दुकानदाराच्या सल्ल्याने नवीकोरी बॅटरी टाकली होती! त्यामुळे नो टेन्शन. अंबडच्या मत्स्योदरीचं दर्शन झालं होतं, जालन्यात मावशीकडे पोटभर जेवण झालं होतं आणि मागच्या सीटवर आई पेंगत होती.

बदनापूरच्या अलीकडे म्युझिक सिस्टीम बंद पडली. मग हेडलाइट पिवळे पडत गेले, पार समईएवढे. शेजारून ट्रक सुसाट चाललेले आणि समोरचा रस्ता दिसेना. कशीबशी गाडी एका ढाब्यापाशी घेतली आणि इंजिन बंद पडलं. आई एवढंच म्हणाली, ''नवी घेतली होतीस ना रे?''

ढाबेवाल्याने फोन करून एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. त्यांनी केबल लावून गाडी सुरू केली, केबल काढली आणि बॅटरीला मीटर लावला. इंजिन चालू असूनही आकडा १२च्या खालीच. ''दादा, बैल नवा आणला, पण कडबा कोण टाकतंय? डायनामो चार्जिंगच देईना.''

म्हणजे अल्टरनेटर. फंडा सोपा आहे. बॅटरीचं मुख्य काम गाडी सुरू करण्यापुरतं. पुढे दिवे, एसी, सगळं अल्टरनेटर चालवतो आणि बॅटरीही भरतो. पगार थांबला की सेव्हिंग्ज किती दिवस पुरणार? काकांनी आधी बेल्ट आणि टर्मिनल पाहिले, ते ठीक होते. आतले कार्बन झिजले होते. ते बदलल्यावर मीटरवर १४.१. खर्च? नव्या बॅटरीपुढे चिल्लर.

तेव्हा बॅटरी विकत घेण्याआधी हे करा. काहीशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ दिसलं तर बॅटरी भरलेली. १२च्या आसपास असेल तर जवळजवळ रिकामी. आता गाडी सुरू करा. १३.५ ते १४.७ आलं तर चार्जिंग ठीक. हेडलाइट, एसी लावूनही १३च्या खाली जायला नको. १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय. काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतःच कमी-जास्त करतात, तिथे थोडा वेळ आकडा बघत राहा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'टेस्ट' करणारा कोणी भेटला, तर हात जोडा. आजच्या गाड्यांचा ईसीयू त्यात उडू शकतो.

आणि लाल दिवा पेटलाच, तर एसी, म्युझिक बंद करा आणि इंजिन बंद न करता जवळच्या वस्तीपर्यंत जा. टेम्परेचर वाढलं तर मात्र लगेच थांबा. बेल्ट तुटला असेल.

मल्टिमीटर आता माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो. गाडीत बसताना आई आधी तोच दाखवायला लावते.