चहाचें विरजण

कोंबुचा हा शब्द अलीकडे नाशकांतल्या घरांतूनही कानीं पडूं लागला आहे. विकतच्या बाटल्या मोठ्या कुटुंबाला परवडत नाहींत, आणि घरीं करावयाचा तर पहिली अडचण विरजणाची. नांव जपानी खरें, पण जपानांत त्या नांवाचें पेय समुद्रांतल्या शेवाळाचें असतें. आपला विषय आहे तो आंबवलेला गोड चहा; रशियांत त्याला 'चहाची अळंबी' म्हणतात, आणि वस्तुतः ती अळंबीही नव्हे.

गोड चहांत यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव साखरेचा मद्यार्क करितात, व दुसरे जंतु त्या मद्यार्काचें शिरक्याचें आम्ल करितात. हेच जंतु पृष्ठभागावर सेल्युलोजचा, म्हणजे कापसाच्याच द्रव्याचा, पापुद्रा विणतात. ब्राउन नांवाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८८६ मध्यें हें दाखवून दिलें. आपल्याकडेही आसवें व अरिष्टें करणारे वैद्य काढ्यांत धायटीचीं फुलें घालीत आले आहेत. आंबवणारे जीव त्या फुलांबरोबर काढ्यांत उतरतात. तेव्हां प्रकार अगदींच परका नाहीं.

सारे जपतात तो पापुद्रा. परंतु खरें विरजण म्हणजे त्याच्याखालचा जुना, चांगला आंबट चहा. नव्या चहांत आम्ल तयार होईपर्यंत बुरशीला दूर ठेवण्याचें काम तोच करितो. पापुद्रा फाटला वा तळाशीं बसला तरी कांहीं बिघडत नाहीं. आंबट चहांत काटकसर केली कीं मात्र बरणी नासलीच म्हणून समजावें.

शेजारीं विरजण नसेल तर न तापविलेल्या, बिनस्वादाच्या कोंबुच्याची बाटली आणावी. एक लिटर पाणी उकळून त्यांत दोन चमचे साधी काळी चहापूड व सुमारें सत्तर ग्रॅम साखर घालावी, दहा मिनिटांनीं गाळावें, आणि बोट सोसेल त्याहूनही निवल्यावर वाटीभर, म्हणजे दोनशें मिलिलिटर, बाटलींतला कोंबुचा त्यांत मिसळावा. दूध, आलें, चहाचा मसाला कांहीं नको. गवती चहाही नको. त्यांतलें सुगंधी तेल ह्या जंतूंना मानवत नाहीं. भांडें कांचेचें असावें. आम्ल तांब्यापितळेला खातें, आणि जुन्या चिनी मातीच्या बरण्यांच्या झिलईंत शिसें असूं शकतें.

तोंडाला घट्ट विणीचें धुतलेलें कापड बांधावें. विरळ मलमल चालत नाहीं. द्राक्षांच्या हंगामांत तर नाशकांत चिलटें कोठून येतात कळत नाहीं. बरणी सावलींत, एका जागीं, न हलवितां ठेवावी. चोवीस ते एकोणतीस अंश उष्णता तिला मानवते. चैत्रांत दोनेक आठवड्यांत साईसारखा थर धरतो. निफाडकडे गारठा पडतो त्या दिवसांत महिनाही लागतो, आणि तेव्हां बरणीभोंवतीं जाड पंचा गुंडाळलेला बरा. खालीं लोंबणारे तपकिरी तंतु यीस्टचे असतात, त्यांना भिऊं नये. वर कोरडी, केसाळ, हिरवी, काळी किंवा पांढरी बुरशी दिसली तर मात्र वरवर काढून भागत नाहीं, सगळें टाकावें.

ही पहिली खेप पिण्याची नव्हे, विरजणाचीच. पुढें प्रत्येक वेळीं पांचवा हिस्सा आंबट चहा मागें ठेवावा.

आतां अधिक महत्त्वाची गोष्ट. १९९५ मध्यें अमेरिकेंतल्या आयोवा प्रांतांत हें पेय रोज घेणाऱ्या दोन स्त्रिया रक्तांत आम्ल वाढून अत्यवस्थ झाल्या व त्यांपैकीं एक दगावली. दोघींकडचें विरजण एकाच मूळ विरजणापासूनचें होतें. दोष त्याचाच होता असें सिद्ध झालें नाहीं. निरोगी माणसानें दिवसाला अर्धा पेला घ्यावयास हरकत नसावी, असें तेथील आरोग्यखात्यानें त्यावेळीं सांगितलें. गर्भवतीला, लहान मुलांना आणि रोगप्रतिकारशक्ति क्षीण झालेल्यांना मात्र तो देऊं नये. एकत्र कुटुंबांत बरणी एक आणि पेले अनेक असतात, म्हणून हें आधींच ठरवावें.

शिवाय ह्या चहांत थोडा मद्यार्क उरतोच. अर्धा टक्का, आणि बाटली घट्ट बंद करून ठेवल्यास त्याहूनही अधिक. घरांतील वडीलमाणसांचा नेम असेल, तर 'आंबट सरबत' म्हणून त्यांच्या हातांत पेला देणें मला मुळींच पटत नाहीं. त्यांना स्पष्ट सांगावें. घ्यावयाचें कीं नाहीं तें त्यांचें तीं पाहतील.

गांवाला जावयाचें झाल्यास विरजण शीतपेटींत ठेवूं नये, तेथें तें मंदावतें आणि पुढें बुरशीला फावतें. ताजा गोड चहा घालून कापड बांधून ठेवावें. महिनाभर तें खुशाल राहतें. शेजारणीला द्यावयाचें असेल तर पापुद्र्याच्या तुकड्याबरोबर वाटीभर आंबट चहा जरूर द्यावा.