भोंगा आणि नांगर

सायंकाळचे सात वाजले की कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी देवळावरचा भोंगा वाजतो, आणि घरोघरचे दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी पुढच्या दीड तासापुरते मुके होतात. सन २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून चालू झालेल्या या रिवाजाची वार्ता परदेशांतल्या वृत्तपत्रांपर्यंत गेली. तेव्हा वडगावापासून फार दूर नसलेल्या आमच्या कुंडलच्या पारावर तिची चर्चा व्हावी यात नवल नाही. (भ्रमणध्वनी हा शब्द सरकारी परिपत्रकांना शोभतो, कुंडलात त्याला मोबाईल म्हणतात, आणि यापुढे या लेखातही तोच शब्द येईल.) नवल वाटते ते त्या चर्चेतून काढल्या जाणाऱ्या अनुमानाचे. शाळेत संगणक, पडदा किंवा टॅब आणण्याचा विषय निघाला, की कोणी तरी वयस्क गृहस्थ वडगावचा भोंगा पुराव्यादाखल पुढे करतात आणि म्हणतात, "गावानं यंत्रं बंद केली तेव्हा पोरं अभ्यासाला बसली, आता आणखी काय सिद्ध करायचं राहिलंय?"

हा पूर्वपक्ष हसून वाटेला लावण्याजोगा नव्हे; कारण तो मांडणाऱ्यांत चाळीस-चाळीस वर्षे खडू झिजवलेले गुरुजी आहेत, आणि नातवाच्या हातून मोबाईल काढून घेताना त्याचे रडणे ऐकलेल्या आज्याही आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पडद्यासमोर बसलेल्या मुलाचे चित्त एका ठायी राहत नाही. आयते उत्तर मिळू लागल्यावर पाढे, पाठांतर आणि हस्ताक्षर ही तिन्ही लयाला जातात. ज्याच्या घरी पैसा त्याच्या मुलाला यंत्र, आणि मजुराचे मूल होते त्याहून मागे. आणि सरतेशेवटी सरकारला शिक्षकाची नेमणूक टाळण्यास एक सोयीस्कर सबब सापडते. यांतली एकही तक्रार खोटी म्हणता येत नाही. 'असर' या शैक्षणिक अहवालासाठी २०२३ साली झालेल्या ग्रामीण पाहणीत, म्हणजे १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींच्या पाहणीत, असे आढळले, की मोबाईल हाताळणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के मुलांनी तो आठवडाभरात करमणुकीसाठी वापरला होता, अभ्यासाशी संबंधित कामासाठी सुमारे दोन तृतीयांश मुलांनी. आणि या वयाच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याला आपल्याच भाषेतला दुसरीच्या इयत्तेचा मजकूर सफाईने वाचता येत नव्हता. प्रतिपक्षाच्या पदरात याहून अधिक माप घालणे मला शक्य नाही.

परंतु तक्रार खरी असली म्हणून तीवरून दिलेला निवाडा खरा ठरत नाही. वडगावच्या भोंग्याचाच दाखला घ्या. महामारीत २०२० च्या मार्चपासून शाळांना कुलुपे लागली तेव्हा मुलांच्या हाती मोबाईल कोणी दिला? शाळेनेच, आणि तो देताना तो केव्हा ठेवायचा हे कोणी सांगितले नाही. शाळा उघडल्यावर मूल वर्गात परतले, पण हातातली सवय घरीच मुक्काम करून राहिली. ग्रामसभेने ठराव केला तो या सवयीविरुद्ध. वडगावकरांनी आपले मोबाईल विहिरीत टाकले नाहीत. दिवसातला दीड तास त्यांनी नियमाखाली आणला, आणि तो नियम बजावण्याचे काम एका विजेवर चालणाऱ्या भोंग्याकडे सोपवले. जो यंत्राच्या विरोधात साक्षीदार म्हणून उभा केला जातो तो स्वतःच यंत्र आहे, हे उलटतपासणीत लक्षात आले म्हणजे फिर्यादीचा अर्धा जोर जातो.

उरलेल्या अर्ध्यासाठी फार लांब जाण्याची जरूर नाही. कुंडलपासून जवळच किर्लोस्करवाडी आहे, आणि तेथील रेल्वेचे ठाणे एके काळी 'कुंडल रोड' याच नावाने ओळखले जाई. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी निवडुंगाने आणि सापांनी भरलेला तो माळ दिला, आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे लोखंडी नांगराचा कारखाना आणला. ते नांगर विकण्याची हकिकत आता दंतकथेसारखी सांगितली जाते, तथापि तिचा गाभा ध्यानी घेण्याजोगा आहे. लोखंडाचे विष जमिनीत उतरते, माती नासते, असा शेतकऱ्यांचा दृढ समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली असे म्हणतात. तो समज मूर्खपणाचा होता असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. ज्याच्याजवळ जमिनीचा एकच तुकडा आहे आणि तो बिघडला तर दुसरा मिळणार नाही, त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहणे हा त्याचा विवेक होता. आज नातवाच्या डोक्याविषयी आजीला जी भीती वाटते, ती त्याच जातीची आहे, आणि तिचा तितकाच मान राखला पाहिजे. पण पुढे काय झाले? माती नासली नाही. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा दुष्काळ पडला तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या, आणि त्या तोफांचे नांगर झाले. एका पिढीच्या आत ज्या अवजाराला शिवार भीत होते त्यावाचून शिवाराचे चालेनासे झाले.

छापील पुस्तकाची कथा याहून जुनी आहे आणि तीही याच सांगली जिल्ह्यातली आहे. १८०५ साली मिरजेत, पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापील पंचांग काढले तेव्हा छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी त्याला हात लावीनात; त्यांची समजूत काढण्यासाठी तुपाची शाई करावी लागली असे सांगतात. ज्या पुस्तकाला आज आपण मोबाईलच्या विरुद्ध पावित्र्याचा कैवारी म्हणून उभे करतो, ते पुस्तकच एके काळी विटाळाचे कारण होते. आणि पाठांतराचे म्हणाल तर, पंतोजींच्या धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवणाऱ्या पिढीने कागदावरही हाच आरोप केला असता, की लिहून ठेवायची सोय झाल्यावर लक्षात कोण ठेवणार!

खंडन इतके पुरे. मंडनाकडे वळताना आधी एक कबुली द्यावी लागते: यंत्राने शिक्षण आपोआप सुधारते असे मी मानत नाही, आणि तसे मानणाऱ्या विक्रेत्यांच्या जाहिराती वाचल्या की माझे मन प्रतिपक्षाकडे झुकते. मला दाखवायचे आहे ते निराळे आहे, आणि ते मला एका वर्गात, चौथीच्या एका मुलीकडून कळले.

ती मुलगी वर्गात मोठ्याने वाचीत नसे. तिचा नंबर आला की ती पुस्तक तोंडापुढे धरी आणि तिचा आवाज पुस्तकातच अडकून राही. मागच्या बाकावरून हसू येई, आणि पुढचा मुलगा वाचायला लागे. 'रीड अलाँग' नावाचे एक विनामूल्य अॅप आहे. त्यात मूल मराठी गोष्ट मोठ्याने वाचते, मोबाईल ऐकत राहतो, आणि अडखळले तर तो शब्द उच्चारून दाखवतो. गुरुजींनी आपला मोबाईल तिला दिला आणि व्हरांड्यात, पायरीवर बसायला सांगितले. 'वटवृक्ष' या शब्दावर ती चारदा थांबली. चारही वेळा मोबाईलने तो शब्द न कंटाळता, न रागावता, आणि मुख्य म्हणजे न हसता म्हणून दाखवला. पाचव्या खेपेस गुरुजी स्वतः पायरीवर येऊन बसले, कारण यंत्राला जे कळले नव्हते ते त्यांना कळले होते: मुलीचे अडखळणे शब्दाशी नव्हते, वृकाराशी आणि क्षकाराशी होते, आणि ती दोन अक्षरे तिला कोणी नीट गिरवून दिलीच नव्हती. त्यांनी पाटीवर ती काढून दिली. त्या दिवशी तिने अख्खी गोष्ट संपवली. यंत्राने तिचा संकोच घालवला, गुरुजींनी तिची अडचण सोडवली. यांतले एक काम चाळीस मुलांच्या वर्गात गुरुजींना सवडीने करता येत नव्हते, आणि दुसरे यंत्राला कधीच करता येणार नव्हते. शिक्षकाची जागा यंत्र घेईल ही भीती मला तेव्हापासून वाटेनाशी झाली. शिक्षकाची जागा रिकामी ठेवून तिथे यंत्र मांडणारा मात्र मला गुन्हेगार वाटतो.

आता श्रीमंत-गरिबाच्या तक्रारीचे. ही तक्रार यंत्राच्या विरुद्ध म्हणून मांडली जाते. माझ्या मते ती शाळेत यंत्र असावे याचाच सर्वांत बळकट आधार आहे. वर ज्या पाहणीचा उल्लेख केला तिच्यातच आणखी एक आकडा आहे: मोबाईल वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांचा स्वतःचा मोबाईल होता, मुलींपैकी जेमतेम २० टक्क्यांचा. याचा अर्थ असा, की शाळेने यंत्राला बंदी केली तरी ते गावातून हद्दपार होत नाही. ते बाजारात राहते, पारावर राहते आणि मुलग्याच्या खिशात राहते. बंदीने ते फक्त त्या मुलीच्या हातून सुटते, जिला ते शाळेखेरीज अन्यत्र मिळण्याची आशा नाही. समतेच्या नावाने मागितलेली बंदी अशी नेमकी ज्याला समता हवी त्याच्यावरच जाऊन कोसळते. अंतर कमी करायचे तर यंत्र सार्वजनिक मालकीचे हवे, विहिरीसारखे आणि ग्रंथालयासारखे. २०२० च्या जुलैत मुलांसाठी 'टिलीमिली' ही पाठमालिका सह्याद्री वाहिनीवरून दाखवण्यात आली, यामागे हाच विवेक होता: ज्या घरी इंटरनेटचा मोबाईल नव्हता त्या घरीही दूरदर्शन संच असण्याची शक्यता अधिक होती. जुने यंत्र नव्याहून उपयोगी पडू शकते; नवेपणाचा हव्यास धरण्याचे कारण नाही.

शाळा जिथे मध्येच तुटते तिथेही यंत्राचा उपयोग आहे. आमच्या भागात साखर कारखाने आहेत. कुंडललाच क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा कारखाना आहे. गळीत हंगाम लागला की बीडकडून ऊसतोड कुटुंबे येतात, फडाशेजारी कोपी घालतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मुलाची शाळा मध्येच तुटते. त्याचे पुस्तक बहुधा गावी राहते, त्याची पटनोंद गावी राहते, आणि मार्च-एप्रिलात ते परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. शिक्षण हमी पत्रकाची योजना आहे, हंगामी वसतिगृहे आहेत, पण जे मूल कोपीतच राहते त्याचे काय? बालभारतीची सर्व पाठ्यपुस्तके आज मोबाईलवर विनामूल्य उघडतात. पाठाशेजारी छापलेल्या क्यूआर चौकोनावर मोबाईल धरला की त्या पाठाची चित्रफीत दिसते. हे क्यूआर पाठ्यपुस्तकांत आणण्याची वाट ज्यांनी दाखवली ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला हे सर्वश्रुत आहे.  दिवसा आईवडील फडात असतात, पण रात्री बापाचा मोबाईल कोपीत असतो. त्या मुलाला त्याच्या बीडच्या वर्गात चालू असलेला तोच पाठ कुंडलच्या उसाच्या फडाशेजारी बसून मिळू शकतो, ही गोष्ट खडू आणि फळा यांच्या सामर्थ्याबाहेरची होती.

मिळू शकतो, असे मी म्हटले. मिळतो, असे म्हटले नाही. आणि येथे माझी खरी फिर्याद सुरू होते, जी यंत्रावर नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण तशा शाळा पुष्कळ आहेत. लोकवर्गणीतून आणि कुठल्याशा निधीतून तिथे मोठा टीव्ही आणि दहा टॅब आले होते. टीव्हीवर भरतकामाचा रुमाल होता. टॅब लोखंडी कपाटात, खोक्यात, त्यांच्यावरच्या प्लास्टिकच्या कागदासकट होते. मी विचारले तेव्हा मुख्याध्यापक फार प्रामाणिकपणे म्हणाले, "अहो, डेडस्टॉकला चढलेत ते. एक जरी फुटला तर वसुली माझ्या पगारातून. पोरांच्या हातात कसा देऊ?" आणि टीव्हीचे काय? तर शाळेचे वीजबिल थकले होते आणि वीजजोड तोडलेला होता. हे ऐकून मला त्यांचा राग आला नाही. जडवस्तू नोंदवहीत ज्या वस्तूची नोंद होते ती वापरून झिजणे हा ज्या व्यवस्थेत कसूर ठरतो, तिथे ती कपाटात ठेवणे हीच शहाणपणाची नोकरी. नांगर विकत घेऊन तो गंजू नये म्हणून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवावा, आणि मग जमीन नांगरली नाही याचा दोष लोखंडाला द्यावा, तसा हा सारा प्रकार आहे.

वडगावने करून दाखवले ते इतकेच, की यंत्र केव्हा चालू आणि केव्हा बंद हे गावाला ठरवता येते, त्यासाठी मंत्रालयाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. बंद करण्याचा ठराव जिथे होऊ शकतो तिथे उघडण्याचाही होऊ शकतो. टॅब फुटला तर भरपाई ग्रामपंचायत देईल, शाळेचे वीजबिल थकणार नाही, संध्याकाळी दोन तास शाळेची एक खोली मुलींसाठी आणि कोपीवरच्या मुलांसाठी उघडी राहील आणि कोणी तरी जबाबदार माणूस तिथे बसेल, असा चार ओळींचा ठराव लिहायला वकील लागत नाही. येत्या ग्रामसभेला ज्यांना जाणे शक्य असेल त्यांनी अवश्य जावे, आणि भोंग्याचा विषय निघाला की उठून एवढेच विचारावे, की आपल्या शाळेतल्या त्या कपाटाची किल्ली सध्या कोणाकडे आहे.