ताळेबंदाबाहेरचे पर्यावरण



‘रय्यान’ या अरबी शब्दाचा अर्थ पाण्याने तृप्त झालेला. आज अल रय्यानची तहान भागते ती समुद्राचे पाणी गोडे करून, आणि त्यासाठी जाळला जातो नैसर्गिक वायू. कतारी नागरिकांना पाण्याचे बिल येत नाही. आपल्याला येते, पण जाळलेल्या वायूची हवेने मोजलेली किंमत त्या बिलातही नसते.

हे आठवायचे कारण आपली मुले. बारावीनंतर कोणी इथल्याच एज्युकेशन सिटीत, कोणी पुण्या-मुंबईला बी.कॉम. किंवा बीबीए करण्याच्या विचारात असते. या मुलांना पर्यावरण शिकवतात का, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. शिकवतातच. कोणत्या तासाला शिकवतात, हा खरा मुद्दा आहे.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला 1991 मध्ये. यूजीसीचा सर्व शाखांसाठीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम यायला पुढे एक तप गेले. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले, आणि ते चांगले आहे. पण वाणिज्य शाखेत हा ‘पास होण्यापुरता’ पेपर होऊन बसला. अन्नसाखळी, ओझोन, चिपको एका वहीत. घसारा आणि नफा-तोटा दुसऱ्या वहीत. या दोन वह्यांची कधी गाठच पडत नाही.

ती पडली तर काय दिसते, याचा नमुना आपल्या दारातच आहे. 2022 च्या विश्वचषकाची अहमद बिन अली आणि एज्युकेशन सिटी ही स्टेडियम अल रय्यानमधलीच. स्पर्धा ‘कार्बन-न्यूट्रल’ असल्याचा फिफाने गाजावाजा केला; एकूण उत्सर्जनाचा त्यांचा अंदाज होता सुमारे 36 लाख टन. मे 2022 मध्ये ‘कार्बन मार्केट वॉच’ या संस्थेने हिशेब तपासला. कायमस्वरूपी स्टेडियमच्या बांधकामाचा कार्बन त्यांच्या अनेक दशकांच्या आयुष्यावर वाटून स्पर्धेच्या खाती फक्त मोजक्या दिवसांचा वाटा टाकला होता. संस्थेच्या मते हा आकडा आठपटीने कमी धरला गेला असावा. जून 2023 मध्ये स्वित्झर्लंडमधील जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगानेही फिफाचे दावे दिशाभूल करणारे ठरवले.

आता सांगा, यात रसायनशास्त्र कुठे आहे? हा सरळसरळ घसाऱ्याचा प्रश्न आहे! एका स्पर्धेसाठी उभारलेल्या मालमत्तेचा खर्च कोणाच्या नावे, किती वर्षांवर टाकायचा? बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ही चलाखी पकडू शकेल. फक्त घसारा टनांतही मोजता येतो, हे त्याला कोणीतरी वर्गात सांगितलेले हवे.

गॅसच्या पगारावर जगणाऱ्यांनी हे बोलावे का, असे कोणी विचारेल. आपल्यातले कितीतरी जण प्रकल्पांची अंदाजपत्रके करतात. कोणता खर्च कागदावर येतो आणि कोणता येत नाही, हे आपल्याइतके कोणाला माहीत? शिवाय सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. असे अहवाल तयार करणाऱ्यांत उद्या आपली मुलेही असतील.

यंदा प्रवेशाच्या चौकशीला जाल तेव्हा फी आणि प्लेसमेंटबरोबर एवढेही विचारा: तुमच्याकडे कार्बनवरचा प्रश्न अकाउंटिंगच्या पेपरात येतो का?