जाहिरात लावायची कुठे?

माझं विरार-डहाणू लोकलच्या वेळा दाखवणारं छोटंसं अ‍ॅप आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत जायला लागली, तेव्हापासून आमच्या पालघर-बोईसरकडे 'पुढची गाडी किती वाजता' हा मोठाच प्रश्न. तेवढंच ते अ‍ॅप सांगतं. बाकी खाली एक जाहिरातीची पट्टी. सर्व्हरचा खर्च निघावा, इतकीच अपेक्षा.

पण आपण पडलो इंजिनियर! आकडा दिसला की तो वाढवल्याशिवाय चैन पडत नाही. हजार वेळा जाहिरात दिसली की किती पैसे मिळाले, शंभरातल्या किती जणांनी दाबली, यावर माझे दोन-तीन रविवार गेले. रंग बदलून पाहिला, आकार बदलून पाहिला. फारसा फरक नाही. मग पट्टी खालून उचलली आणि 'विरारकडे' आणि 'डहाणूकडे' या दोन बटणांच्या मधोमध आणून बसवली. क्लिक धडाधड वाढले. सोमवारी ऑफिसात मी हे अगदी कॉलर ताठ करून सांगितलं :)

पुढच्याच आठवड्यात शेजारचे काका आले. रोज पालघरहून बोईसरला एमआयडीसीत कामाला जातात. म्हणाले, "अरे, ते कर्जाचं जरा बघ ना. आधार-पॅनचे फोटो दिलेत मी, आता पुढे काय करायचं?" मी विचारलं, कुठलं कर्ज? तर गाडी बघताना बोट पडलं, ते पान उघडलं, आणि मुलीच्या फीची चिंता होतीच. "तुझ्याच अ‍ॅपमध्ये होती जाहिरात, म्हटलं खात्रीचीच असणार."

काय बोलणार?

आम्ही दोघांनी बसून सगळं वाचलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज नक्की कुठली बँक किंवा वित्तसंस्था देते आणि वर्षाचा एकूण खर्च किती टक्के पडतो, हे कर्जदाराला आधीच सांगावं लागतं. इथे व्याज 'अत्यल्प' आणि संस्थेचं नाव कुठेच नाही. काकांनी पुढचं पाऊल टाकलं नाही, हे नशीब. पण कागद तर गेलेच.

आता कोणी म्हणेल, जाहिरात दुसऱ्याची, तुझा काय दोष? दोष आहे. बटणांना खेटून जाहिरात लावू नका, असं गूगलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलं होतं आणि सोयीस्करपणे विसरलो होतो. शिवाय चुकून पडलेल्या बोटातून जाहिरातदाराच्या हातीही काही लागत नाही. माणूस पुढच्या सेकंदाला मागे फिरतो. आज ना उद्या तो जाहिरातदार अशा जागेची बोली कमी करणारच. म्हणजे धंदा म्हणूनही हा शहाणपणा नव्हे.

तर मी काय केलं? पट्टी पुन्हा तळाशी नेली आणि वर मोकळी जागा सोडली. कर्ज, जुगार, झटपट श्रीमंती हे वर्ग बंद केले. तशी सोय असते, आपण तिकडे फिरकत नाही इतकंच. कमाई अर्थातच घसरली. मित्र म्हणाला, "शंभर डॉलर जमल्याशिवाय ते पैसे देत नाहीत, तुझे जमणार कधी?" खरं आहे.

म्हणून माझं मत असं, की छोट्या जागेने छोट्याच जाहिराती घ्याव्यात, आणि त्याही ओळखीच्या. बोईसरला बाहेरगावाहून कामाला आलेल्या पोरांना डबा हवा असतो, खोली हवी असते. घोलवडच्या चिकूवाल्याला गिऱ्हाईक हवं असतं. महिन्याचा ठरावीक दर, मधे कोणी नाही. वसुलीला खेपा माराव्या लागतात, तो ताप आहेच. सध्या एका खाणावळीची जाहिरात लावलीय. आधी तिथे चार वेळा जेवून आलो.

काका अजून तेच अ‍ॅप वापरतात. परवा विचारत होते, "त्या खाणावळीत मासे चांगले मिळतात का रे?" या वेळी मात्र मला उत्तर देता आलं.

असो. तुमचा अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या शनिवारी.